बायबल वाचू नका, आधी ऐका: रंगभूमीवरचा नट शास्त्र वाचतो तेव्हा नेमकं काय घडतं

बायबल वाचायला घेतलं आणि दहा-बारा पानांनंतर सोडून दिलं असं सांगणारे खूप जण भेटतात, ख्रिस्ती घरातलेही आणि बाहेरचेही, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, बारीक टाईप, पानावर दोन रकाने, दर वाक्याला चिकटलेला आकडा, त्यात कोण कुणाशी बोलतंय तेच कळेनासं होतं. अशा माणसाला मी एकच सांगते की बाबा तू वाचू नकोस, ऐक. आणि ऐकायचंच तर एखाद्या कसलेल्या नटाच्या तोंडून ऐक, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं हजारो लोकांसमोर बोलून दाखवली आहेत. हा काही सोपा मार्ग वगैरे नाहीये, उलट मला तर वाटतं हाच मूळ मार्ग आहे, आणि तो का ते जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अॅलेक मॅककोवेन. ब्रिटिश नट, शेक्सपिअरची कामं करणारा, १९६२ मधे पॉल स्कोफिल्डच्या किंग लिअरसोबत विदूषकाची भूमिका केलेला, हिचकॉकच्या फ्रेन्झी सिनेमातला पोलिस इन्स्पेक्टरही तोच. ह्या माणसाने वर्षाहून जास्त काळ घालवून मार्कचं अख्खं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, सोळाच्या सोळा अध्याय, तोंडपाठ केलं आणि १९७८ मधे एकपात्री प्रयोग म्हणून रंगमंचावर आणलं. वेशभूषा काही नाही, साधे रोजचे कपडे. नेपथ्य म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, पाणी. मजकूरही बदललेला नाही, १६११ चं किंग जेम्स भाषांतर जसंच्या तसं. बस्स एवढंच, आणि लंडनमधे चाललं, मग न्यूयॉर्कला गेलं, पुढच्या वर्षी टोनी ह्या अमेरिकन रंगभूमीच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. लोक तिकीट काढून येत होते आणि ज्या मजकुराला ते लहानपणापासून रविवारी चर्चमधे जांभया देत आले होते त्याच मजकुराला हसत होते, श्वास रोखून बसत होते. मजकूर तोच, मग बदललं काय?

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याला बायबल म्हणजे पुस्तक वाटतं, पण ज्या काळात हे लिहिलं गेलं तेव्हा बहुतांश लोकांना वाचताच येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं तेही बहुतेक वेळा मोठ्याने वाचायचे. ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमधे जागाच नसायची, सगळी अक्षरं एकाला एक लागून, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी तयारी करावी लागायची की इथे शब्द संपतो, इथे वाक्य तुटतं, इथे प्रश्न आहे. म्हणजे वाचणारा हा आपोआपच सादर करणारा होता. चौथ्या शतकाच्या शेवटी मिलानमधे ऑगस्टीनने, पुढे चर्चचा मोठा संत झालेल्या, बिशप अँब्रोजला मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचताना पाहिलं तर ते त्याने मुद्दाम लिहून ठेवलंय, इतकं ते त्याला वेगळं वाटलं, आणि ऑगस्टीन काही अडाणी नव्हता, वक्तृत्व शिकवणारा प्राध्यापक होता तिथे.

खुद्द शास्त्रातच ह्याच्या खुणा आहेत. नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एज्रा हा याजक नियमशास्त्र, म्हणजे मोशेचा धर्मग्रंथ, वाचतो ते बघा, त्यासाठी मुद्दाम लाकडी मंच बांधलाय, सकाळपासून दुपारपर्यंत वाचन चाललंय, लोक उभे आहेत आणि ऐकता ऐकता रडतायत. प्रकटीकरण ह्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच जो आशीर्वाद आहे त्यात वाचणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक. प्रेषितांच्या कृत्यांमधे तो इथिओपियाचा अधिकारी रथात एकटाच बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय आणि तरी वाटेवरच्या फिलिप्प ह्या ख्रिस्ती प्रचारकाला ते ऐकू येतं, कारण एकटा असला तरी तो मोठ्यानेच वाचतोय. आणि ते जे आकडे आपल्याला छळतात ना, ते मूळचे नाहीतच, अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, आजच्या ओव्यांचे (बायबलच्या छोट्या वचनांना ओवी म्हणतात) आकडे १५५१ मधे मूळचा पॅरिसचा छापखानावाला रोबेर एतिएन ह्याने घातले. शोधायला सोयीचे आहेत, मान्य, पण त्यांनी गोष्टीचे तुकडे केले आणि आपण तुकडेच खात राहिलो. नटाला हे आकडे ऐकवता येत नाहीत, त्यामुळे ते आपोआप गळून पडतात आणि गोष्ट परत सलग होते. पहिला मोठा फरक इथेच पडतो.

आता नट नक्की करतो काय? मराठीत आपल्याकडे छान शब्द आहे, वाचिक अभिनय. हात-पाय, चेहरा, कपडे सगळं बाजूला ठेवून फक्त आवाजाने केलेलं काम. त्यात श्वास येतो, पॉझ येतो, पट्टी येते, लय येते, कुठल्या शब्दावर वजन टाकायचं ते येतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे वाक्य कोण कुणाला का म्हणतंय हे पक्कं ठरवणं येतं. चांगल्या आवाजाचा माणूस आणि चांगला नट ह्यात इथेच फरक आहे. गोड, घुमणारा आवाज असलेला माणूस सगळं एकाच पवित्र सुरात वाचतो, लग्न असो की खून, आणि पाच मिनिटांत आपलं लक्ष जातं. नट प्रत्येक वाक्याला विचारतो की तू इथे का आहेस.

उदाहरण घेऊ. मार्कच्या नवव्या अध्यायात येशू डोंगरावर आहे, त्याचं रूप पालटलंय, शेजारी मोशे आणि एलीया हे जुन्या काळचे संदेष्टे दिसतायत आणि शिष्य पेत्र घाबरून काहीबाही बोलतो, आपण तीन मंडप करूया म्हणतो, तुला एक, मोशेला एक, एलीयाला एक. मग ढगातून वाणी येते, हा माझा प्रिय पुत्र आहे, ह्याचं ऐका. चर्चमधे हे वाक्य बहुतेक वेळा सपाट नाहीतर सगळ्याच शब्दांवर जोर देऊन वाचलं जातं. पण आधीचं पेत्राचं बोलणं कानात ताजं असेल तर वजन कुठे पडणार हे उघड आहे, *ह्याचं* ऐका, तिघांना एका रांगेत बसवू नका. वजन एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकलं आणि त्या वाणीत पेत्राला दिलेलं उत्तर ऐकू यायला लागलं. हे कुठल्या टीपेत वाचावं लागत नाही, कानाला कळतं.

याईराची गोष्ट तर मला वाटतं मुळात कानासाठीच रचली आहे. मार्क, पाचवा अध्याय. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो, माझी छोटी मुलगी मरायला टेकलीय, चला लवकर. निघतात. रस्त्यात गर्दी. आणि मधेच कथा एका भलत्याच बाईकडे वळते, जिला बारा वर्षं रक्तस्राव होतोय. मूळ ग्रीकमधे तिचं वर्णन हे एकच दम काढणारं वाक्य आहे, बारा वर्षं त्रास झालेली, कितीतरी वैद्यांच्या हातून हाल सोसलेली, होतं नव्हतं ते सगळं खर्च केलेली, काही उपयोग न झालेली, उलट आणखी बिघडलेली, येशूबद्दल ऐकलेली, गर्दीत मागून आलेली, आणि इतकं सगळं साचल्यावर एकदाचं मुख्य क्रियापद येतं, तिने त्याच्या वस्त्राला हात लावला. बारा वर्षांचं ओझं एका वाक्यात चढत चढत जातं आणि शेवटी एक स्पर्श. नटाला हे बरोब्बर कळतं, तो मधे श्वास टाकत नाही, आपलाही श्वास अडकवून ठेवतो आणि हात लावल्यावरच सोडतो.

आणि मग येशू थांबतो. मला कुणी हात लावला? शिष्य म्हणतात अहो एवढी गर्दी चेंगरतेय आणि कुणी हात लावला काय विचारता. वाचताना आपलं लक्ष त्या बाईकडे असतं, पण ऐकताना, जर नटाने याईराला विसरू दिलं नसेल तर, आपल्या पोटात गोळा येतो कारण तो बाप तिथेच उभा आहे, त्याची मुलगी मरतेय आणि हे इथे थांबून चौकशी करतायत. बाई थरथरत पुढे येते, सगळी हकीगत सांगते, सगळी, म्हणजे वेळ गेला. आणि तिचं बोलणं चालू असतानाच याईराच्या घरून माणसं येतात, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास. इथे नट किती वेळ गप्प राहतो त्यावर पुढचं वाक्य उभं राहतं, भिऊ नकोस, फक्त विश्वास धर. तो पॉझ शून्य असेल तर ते वाक्य एक गुळगुळीत सुविचार होतं. तीन सेकंद थांबलं तर ते एका बापाला, त्याच्या डोळ्यात बघून, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट क्षणी म्हटलेलं वाक्य होतं. मुलगी बारा वर्षांची होती हे मार्क अगदी शेवटी सांगतो, आणि ते बारा ऐकल्यावर कानाला ती मघाची बारा वर्षं आठवतात, दोन गोष्टी एकमेकींत घातल्या होत्या त्या क्लिक होऊन बसतात. आणि मग येशू म्हणतो हिला काहीतरी खायला द्या. इतकं घरगुती वाक्य. मला दर वेळी इथे भरून येतं.

आता थोडं अवघड ठिकाण. लिहिलेल्या मजकुराला टोन नसतो. वाचताना आपण टोन न ठरवताच पुढे जाऊ शकतो, नटाला ती सवलत नाही, तोंड उघडलं की काहीतरी ठरवावंच लागतं. मार्कच्या सातव्या अध्यायात सुरफुनीकी बाई येते, परराष्ट्रीय, मुलीला भूत लागलंय म्हणून विनवते, आणि येशू म्हणतो आधी मुलांना पोटभर खाऊ दे, मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. आता हे कसं म्हणायचं? कडक, खरोखर झिडकारून? दमलेल्या माणसासारखं, कारण तो तिथे कुणाला कळू न देता घरात राहिला होता असं मार्कच सांगतो? तिची परीक्षा बघत, डोळ्यात चमक ठेवून? की त्या काळच्या लोकांच्या तोंडची म्हण असावी तसं, म्हणजे बघ लोक असं म्हणतात, तू काय म्हणतेस? प्रत्येक पर्यायाने येशू वेगळा दिसतो आणि त्या बाईचं उत्तरही, की प्रभूजी, टेबलाखालची कुत्रीसुद्धा मुलांचा चुरा खातातच ना, हे कधी गयावया होतं, कधी हजरजबाबी टोला, कधी दुःखाने दिलेलं प्रत्युत्तर. शेकडो वर्षं विद्वान लोक ह्या चार ओळींवर लिहीत आलेत आणि नटाला ते सगळं एका दमात सोडवायचं असतं. म्हणून मी म्हणते की नटाचं वाचन ही एक प्रकारची टीकाच आहे, फक्त ती पानाच्या खाली बारीक अक्षरात नसते, आवाजात असते. आणि म्हणूनच एकाच नटावर थांबू नये. तोच अध्याय दोघांकडून ऐकला की टोन म्हणजे मजकूर नव्हे, तो त्या माणसाचा निर्णय होता, हे लक्षात येतं आणि आपण स्वतः विचार करायला लागतो की मी असतो/असते तर कसं म्हटलं असतं.

विनोदाचंही तसंच. शास्त्रात विनोद असू शकतो हेच आपल्याला सुचत नाही. मार्कच्याच आठव्या अध्यायात शिष्य होडीत आहेत, भाकरी आणायला विसरलेत, एकच भाकरी आहे, आणि येशू परुश्यांच्या, म्हणजे धर्मनियम कडक पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, खमिराबद्दल काहीतरी गंभीर सांगतोय तर हे आपसात कुजबुजतायत की आपण भाकरी आणली नाही म्हणून बोलतोय बहुतेक. ज्या माणसाने त्यांच्यासमोर हजारो लोकांना जेवू घातलं त्याच्यासमोर! मग येशू अगदी मास्तरांसारखं विचारतो, पाच भाकरी पाच हजारांना वाटल्या तेव्हा किती टोपल्या उरल्या? बारा. आणि सात भाकरी चार हजारांना, तेव्हा? सात. मग अजून कळत नाही? ह्या बारा आणि सात ह्या उत्तरांमधेच नटाला केवढी जागा आहे, खाली मान घालून दिलेली उत्तरं. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता शेवटचा प्रश्न त्यांनाच लागतो.

ह्याच्या उलट टोकाला योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. येशूची अनुयायी मरीया मग्दालीया त्याच्या कबरेपाशी रडतेय, मागे उभ्या असलेल्याला माळी समजते, आणि तो फक्त तिचं नाव घेतो. मरीये. एक शब्द, आणि त्या एका शब्दात तिला कळलं पाहिजे की हा जिवंत आहे. कुठल्याही नटाला विचारा, पल्लेदार स्वगत सोपं पण हे असं एका शब्दाचं वाक्य महाकठीण. फार हळवं केलं तर सिनेमा होतो, सपाट म्हटलं तर ती ओळखणार कशी. मी ऐकलेल्यांपैकी जे मला पटले ते सगळे अगदी साधं म्हणतात, रोज हाक मारल्यासारखं.

आता डेव्हिड सुशे. हे नाव बऱ्याच जणांना टीव्हीवरच्या हर्क्यूल पॉयरोमुळे माहीत असेल, १९८९ ते २०१३ त्याने ते काम केलं, पण माणूस मूळचा रॉयल शेक्सपिअर कंपनीतला. पॉयरोचा तो नाजूक, पुढे पुढे येणारा फ्रेंच ढंगाचा आवाज डोक्यात ठेवून त्याचं बायबल लावलं तर धक्का बसतो, त्याचा स्वतःचा आवाज खोल, खर्जातला आहे. १९८६ मधे अमेरिकेतल्या एका हॉटेलात खोलीत ठेवलेलं बायबल काढून त्याने पौल ह्या प्रेषिताने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं रोमकरांस पत्र वाचलं आणि तिथून तो विश्वासाकडे वळला असं त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. पुढे त्याने संपूर्ण बायबल, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, एकट्याने रेकॉर्ड केलं. इंग्रजीतलं एनआयव्ही हे आधुनिक भाषांतर, २०१४ मधे बाहेर आलं, ऐकायला ऐंशी तासांच्या वर लागतात आणि स्टुडिओतलं काम दोनशे तासांच्या वर चाललं. इतर कामांच्या मधे मधे वेळ काढून केलेलं.

अख्खं बायबल वाचायचं म्हणजे आवडीचे उतारे निवडायची सोय नाही. जुन्या करारातल्या ‘पहिला इतिहास’ ह्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. आपण सगळे ते गाळतो, खरं सांगायचं तर. पण एका माणसाने त्या प्रत्येक नावाला नीट उच्चारलं की हळूहळू जाणवतं की ही यादी बनवणाऱ्या लोकांनी देश गमावला होता, मंदिर गमावलं होतं, आणि आपण कोण हे सांगायला त्यांच्याकडे ही नावंच होती. १३६ वं स्तोत्र घ्या, सव्वीस ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. डोळा तिसऱ्या वेळेपासून ते गाळतो. आवाजाला गाळता येत नाही, आणि मग लक्षात येतं की हे एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी झेलायचं असं आहे, आपल्याकडे आरतीला किंवा भजनाला ध्रुपद धरतात तसंच.

आणि पौलाची पत्रं! गोष्टी वाचणं नटाला त्या मानाने सोपं, पत्रं म्हणजे कसोटी. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमधे एकच वाक्य आहे, एकच. ते नीट बोलून दाखवायला आधी विचार कुठून सुरू होऊन कुठे जातोय हे स्वतःला कळलेलं असावं लागतं, नाहीतर ऐकणारा तिसऱ्या स्वल्पविरामाला बुडतो. सुशेचं मोठेपण मला इथे जास्त जाणवतं, तो ते प्रवचनासारखं वाचत नाही, पत्र वाचतो. म्हणजे लिहिणारा एक माणूस आहे, चिडतो, समजावतो, मधेच विषय सोडून जातो, परत येतो, आणि समोर त्याच्या ओळखीची माणसं आहेत.

सुशेचं मार्कचं संपूर्ण जाहीर वाचनही आहे, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधे केलेलं, यूट्यूबवर फुकट बघायला मिळतं. तिथे एक तांत्रिक गंमत ऐकण्यासारखी आहे, त्या प्रचंड घुमटाखाली आवाज बराच वेळ रेंगाळतो, त्यामुळे घाईघाईत वाचलं तर शब्दावर शब्द चढतील. म्हणून तो शब्द सुटे सुटे ठेवतो, वाक्यानंतर जागा सोडतो. जुन्या चर्चेसमधे शास्त्र गाऊन किंवा एका सुरात म्हणायची पद्धत होती त्याला हेही एक कारण होतं, मोठ्या दगडी वास्तूत सुरात म्हटलेलं लांबपर्यंत कळतं.

ह्याच्याही आधीचं एक नाव घ्यायलाच हवं, अलेक्झांडर स्कोर्बी, अमेरिकन नट. १९३० च्या दशकापासून तो अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडसाठी बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करत होता आणि त्यातच त्याने किंग जेम्स बायबल वाचलं. म्हणजे नटाच्या आवाजातलं अख्खं बायबल ही कल्पना करमणुकीतून आली नाही, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी आली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

एका आवाजाऐवजी पूर्ण संच घेऊन केलेली रेकॉर्डिंग्जही आहेत. २००६ पासून अमेरिकेत आलेलं द बायबल एक्सपीरियन्स हे त्यातलं गाजलेलं, सगळे कृष्णवर्णीय कलाकार, ब्लेअर अंडरवूड येशू, सॅम्युअल एल. जॅक्सन देवाचा आवाज, मागे संगीत, गर्दीचे आवाज, लाटा. मुलांना किंवा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटकन पकडतं, कोण बोलतंय ते लगेच कळतं. पण माझं स्वतःचं मत एकट्या नटाच्या बाजूने आहे, कारण शुभवर्तमानात एक निवेदक आहे, मार्क, आणि तो सगळ्यांचे आवाज स्वतःच्या तोंडून काढतोय, येशूला शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलातही तोच आणि पेत्रही तोच. संच घेतला की निवेदक कोपऱ्यात जातो. आणि दरवाजा उघडल्याचा आवाज ऐकवला की दरवाजा माझ्या मनात उघडत नाही.

आता ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. शास्त्र हे देवाचं वचन, त्यात अभिनय कशाला? लोक नटाकडे बघतील, वचनाकडे नाही. चर्चच्या इतिहासात ह्या दोघांचं भांडण जुनं आहे, पहिल्या काही शतकांतल्या चर्चच्या नियमांत तर असंही सापडतं की नटाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी धंदा सोडावा लागेल. तेव्हाची रंगभूमी रोमन देवतांच्या उत्सवांशी जोडलेली होती, हिंसा आणि अश्लीलता भरपूर, त्यामुळे त्यांची अडचण समजते. पण त्याच चर्चने चांगल्या वाचकाची किंमतही ओळखली होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम लिहिले त्यात जेवताना सगळ्यांनी गप्प बसून वाचन ऐकायचं आहे आणि वाचायला ज्येष्ठतेच्या क्रमाने बसवायचं नाही, ज्याच्या वाचनाने ऐकणाऱ्यांचं भलं होईल त्यालाच बसवायचं. मध्ययुगात येशूच्या दुःखसहनाचा, म्हणजे अटकेपासून क्रुसापर्यंतचा, वृत्तांत तीन वेगळ्या आवाजांत वाटून गायला जाऊ लागला, निवेदक एक, ख्रिस्ताचा खालच्या पट्टीतला, बाकी सगळे वरच्या पट्टीत. आणि हे आजही आहे, वसई-मुंबईकडच्या कॅथलिक चर्चमधे झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला वृत्तांत भूमिका वाटून वाचतात आणि ‘त्याला क्रुसावर खिळा’ हे जमावाचं वाक्य बाकांवर बसलेल्या लोकांनीच म्हणायचं असतं. ते स्वतःच्या तोंडून म्हणणं काय असतं हे ज्याने म्हटलंय त्याला विचारा.

म्हणजे प्रश्न अभिनय असावा की नसावा हा नाहीच, अभिनय कशासाठी आहे हा आहे. नट स्वतःचा आवाज मिरवत असेल, प्रत्येक ओळीत हुंदका घालत असेल, तर आपण त्याला नाटकी म्हणतो आणि रंगभूमीवरची माणसं स्वतःही त्याला वाईटच म्हणतात. चांगला नट मजकुराच्या मागे जातो. तुम्ही ऐकत असताना दहा मिनिटांनी नटाचं नाव विसरलात तर ते वाचन चांगलं.

आपल्याकडे हे परकं वाटायचं खरं तर काहीच कारण नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मधे गोव्यात आला आणि त्याने बायबलमधली कथा मराठी ओवी छंदात रचली, क्रिस्तपुराण, १६१६ मधे छापलं गेलं. ओवी निवडली कारण इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, पुराण म्हणजे कुणीतरी वाचायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं. अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, वीणा-टाळासकट. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमधे हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, सामान्य बायाबापड्यांना ऐकून कळावं असं, ते १९२४ मधे, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पूर्ण छापून झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल हल्लीच्या बोलीला जवळचं आहे आणि मोठ्याने वाचायला जिभेवर छान बसतं. ऐकायचंच असेल तर बायबल डॉट आयएस ह्या अॅपवर मराठी नवा करार आवाजात मिळतो. आणि आपल्या रंगभूमीवर अभिवाचनाची केवढी परंपरा आहे, दोन स्टँड, दोन दिवे आणि कथा, लोक दोन-दोन तास बसतात. कुणीतरी ताकदीच्या नटाने मार्कचं अख्खं शुभवर्तमान मराठीत एकट्याने उभं करावं असं मला फार मनापासून वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर मार्कपासूनच करा, आणि एका बैठकीत, दोन तासांच्या आत-बाहेर संपतं, एका सिनेमाएवढं. स्वयंपाक करताना किंवा लोकलमधे ऐकलं तरी चालेल पण पहिली वेळ तरी नुसतं बसून ऐका, आणि हातात पुस्तक घेऊन ओळीवर बोट ठेवू नका, नाहीतर परत डोळेच काम करायला लागतात. मार्कची लय आधी अंगावर येते, आणि मग, आणि लगेच, आणि तेवढ्यात, असा तो पळत असतो, आणि यरुशलेममधे पोचल्यावर अचानक वेळ मंदावते, शेवटच्या एका आठवड्याला तो पुस्तकाचा तिसरा हिस्सा देतो. हा वेगातला बदल पानावर दिसत नाही, ऐकताना मात्र अंगावर येतो.

आणि घरच्या घरी स्वतः करून बघायचं असेल तर फिलेमोनाला पत्र घ्या. एकच अध्याय, पंचवीस ओव्या, चार-पाच मिनिटं. पौल तुरुंगातून लिहितोय. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दूर झाला होता, तो पौलाला भेटला, ख्रिस्ती झाला, आणि पौल त्याला परत पाठवतोय, आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे. वाचताना हे दोन मित्रांमधलं खासगी पत्र वाटतं, पण पहिल्या दोन ओव्या मोठ्याने म्हणा, पत्र एकट्या फिलेमोनाला नाहीये, अप्फियाला आहे, अर्खिप्पाला आहे आणि तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळीला आहे. म्हणजे हे सगळ्यांसमोर वाचलं जाणार, मालक समोर बसलाय, शेजारीपाजारी बसलेत, आणि अनेसिम स्वतःसुद्धा बहुधा त्याच खोलीत उभा आहे. तर असं करा, घरातल्या चौघांना बसवा, एकाला फिलेमोन करा, एकाला दाराशी अनेसिम म्हणून उभं करा, आणि घरात ज्याला थोडंफार अभिवाचन जमतं त्याच्या हातात पत्र द्या. अठराव्या ओवीत पौल म्हणतो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, आणि एकोणिसाव्यात, हे मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. वाचणाऱ्याला सांगा की ह्या दोन ओव्यांच्या वेळी कागदातून मान वर काढून फिलेमोनाकडे बघायचं, आणि त्याने मान हलवेपर्यंत पुढची ओवी वाचायची नाही.